भागीच्या तोंडचं बोलणं

मी दिल्लीला आले तेव्हा मला एकच भाषा येत होती, आणि तिला भाषा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. बोलणं म्हणजे बोलणं. अमरावतीच्या पलीकडच्या आमच्या गावात सरपंच, शाळेतले मास्तर, न्हावी, दारू पिऊन पारावर पडलेला माणूस आणि त्याला ओढत घरी नेणारी त्याची बायको, सगळे एकसारखंच बोलायचे. कोण चांगलं आणि कोण वाईट हे बोलण्यावरून कळत नसे, वागण्यावरून कळे. मी चौथीपर्यंत शिकले. पुस्तकांत वेगळं काही छापलेलं असायचं, पण ते पुस्तकात. देवळातले मंत्र जसे देवळात, तसं ते. कोणी घरी चुलीपुढे बसून तसं बोलत असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही.

माझे वडील काकांच्या, म्हणजे ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले त्या मालकांच्या, घरच्या शेतावर सालदार होते. आई गेली, वडिलांनी दुसरी केली, आणि पुढच्या उन्हाळ्यात काका गावी आले ते मला बरोबर घेऊन गेले. यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत. त्यांना घरकामाला पोरगी हवी होती आणि घरी मी जास्त झाले होते. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात साहेब होते. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी गाझियाबादला नवा फ्लॅट घेतला होता, कारण तेव्हा सगळेच घेत होते. चौथा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. त्या खड्ड्यात लोक कचरा टाकत. निम्म्या फ्लॅटना दारं बसलेली नव्हती. बाल्कनीतून पाहिलं की एका बाजूला विटांचे ट्रक आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं गव्हाचं शेत, त्यात म्हशी. दिवसभर कुठेतरी फरशी कापायचं मशीन चालू असे. वीज रोज जायची आणि गेली की जनरेटर घुरघुरायचा. त्या घराचे आवाज म्हणाल तर हे: पाण्याची मोटर, जनरेटर, आणि बाहेरच्या खोलीतला पंखा, जो फिरताना एका जागी आला की कट् करायचा. मिस्त्री येऊन पाहून गेला, पण तो आवाज काही गेला नाही.

काकू पुण्याच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हे बघ, मालकीणबाई वगैरे काही म्हणायचं नाही हं. मला नाही आवडत ते. काकू म्हण." माझं नाव पंचफुला. ते त्यांना लांब वाटलं म्हणून त्यांनी फुला केलं. जेवण मात्र मी सगळ्यांच्या नंतर स्वयंपाकघरात घ्यायचे. ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. काकू वाईट नव्हत्या. मला ताप आला की स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, आणि थंडीत माझ्यासाठी लोकर आणून स्वेटर विणला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना राक्षसीण समजेल. तसं असतं तर सोपं झालं असतं.

काकू लिहायच्या. दिवाळी अंकांत त्यांच्या कथा येत, आणि मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गासाठी त्या वाचनाचं पुस्तक तयार करत होत्या. दिल्लीत वाढलेली मराठी मुलं तेव्हाच "आई, माझा बस्ता किधर आहे" असं बोलायला लागली होती, त्यांच्यासाठी. हिवाळ्यात दुपारच्या उन्हाला बाल्कनीत बसून मी मटार सोलायचे आणि काकू आपले धडे मोठ्याने वाचायच्या. धड्यातली आई, बाबा, डॉक्टर, शिक्षिका सगळी काकूंसारखी बोलत. मग मोलकरीण यायची, नाहीतर भाजीवाला, नाहीतर शेतकरी, आणि लगेच बोलणं वाकडं व्हायचं. मी एकदा म्हटलं, "काकू, आमच्याकडे तं मास्तर बी असाच बोलते."

त्या हसल्या. "अगं, पण पुस्तकातला मास्तर तसा बोलला तर मुलांना तो मास्तर वाटेल का?"

मला ते पटलं. खरंच पटलं. तोवर मी त्या घरात वर्षभर राहिले होते आणि काका फोनवर कसे बोलतात ते ऐकलं होतं. काका आमच्याच गावचे. पण काकूंशी ते पुण्याचं बोलत, ऑफिसच्या लोकांशी इंग्रजी, दूधवाल्याशी हिंदी. फक्त रविवारी गावी फोन लावला की आवाज खाली आणून, खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "हाव माय, जेवलो. तुह्यी तब्बेत कशी हाय?" काकू घरी नसल्या तर मलाही विचारायचे, "पानी आलं का व, फुला?" काकू असल्या की तोच प्रश्न "पाणी आलं का गं?" असा व्हायचा. साहेब होण्यासाठी माणसाला काय काय सोडावं लागतं ते मला काकांकडे पाहून कळलं. मला साहेब व्हायचं नव्हतं, म्हणून मी काही सोडलं नव्हतं.

आणि माझ्या बोलण्याला तेव्हा त्या घरात किंमत होती. काकूंची पहिली कादंबरी चालली होती. त्यात भागी नावाची एक मोलकरीण होती. मी पोळ्या लाटत असले की जेवणाच्या टेबलावरून हाक यायची, "फुला, 'मला भीती वाटते' हे तू कसं म्हणशील?"

"मले भेव लागते."

"भेव! किती गोड." आणि त्या लिहून घ्यायच्या. कधी मला म्हणायच्या, तुझी आई तुला रागवायची तेव्हा काय म्हणायची ते सांग. मी सांगायचे. मला बरं वाटायचं. माझ्या आईचं बोलणं ऐकायला दुसरं कोणी मागत नव्हतं. गाझियाबादला तेव्हा ज्वारी मिळायची नाही. कोणी गावाहून आणलं तर पीठ डब्यात तळाशी ठेवायचे आणि आठवडा-पंधरा दिवसांत एकदा भाकर करायचे, वर पाट्यावरचा ठेचा. काकूंना तो सोसायचा नाही, पण त्या बोटाला लावून चाखायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. माझं बोलणंही त्या तसंच घेत. थोडं, बोटाला लावून.

मग तारा आली. काकूंची धाकटी बहीण, बी.ए. झालेली. एका नव्या परदेशी कंपनीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. तेव्हा अशा कंपन्या नव्याने येत होत्या, काचेच्या इमारती उठत होत्या, आणि तिथे काम करणाऱ्या मुली बस सोडून कंपनीच्या गाडीने जात. तारा दिसायला उजळ, बोलायला फटकळ. मला तिने आपली एक पोपटी साडी दिली, जवळजवळ नवी. "ताई, यार, तू हिला किती पिळतेस! जाऊ दे ना तिला, पोळी जळतेय," असं ती काकूंना म्हणायची. संध्याकाळी खालून गाडीचा हॉर्न वाजायचा आणि तारा केस सारखे करत वर यायची. गाडीतला माणूस आम्ही कधी पाहिला नाही. ऑफिसातला वरचा साहेब, लग्न झालेला, एवढं पुढे कळलं. पावसाळा संपता संपता हॉर्न वाजायचा थांबला, आणि तारा सकाळी मोरीत ओकायला लागली.

जे करायचं ते काकूंनी झटपट केलं. एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं आणि दुपारी रिक्षातून परत आणलं. चार मजले ती चढून आली, एका बाजूला काकू, एका बाजूला मी. आतल्या खोलीत हवा नव्हती म्हणून बाहेरच्या दिवाणावर निजवलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "ताई, तो पंखा बंद कर ना. मला त्याचा आवाज सहन होत नाही." काकूंनी बंद केला. "आईला सांगू नकोस. ती काही बोलणार नाही. नुसती बघेल माझ्याकडे. तेच मला सहन होणार नाही." काकू तिच्या पायाशी बसून होत्या. मी बादलीत चादर भिजवली. थंड पाण्यात भिजवावी लागते, गरम पाण्याने डाग बसतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आईच्या वेळी शिकले होते. त्यावर त्या घरात पुन्हा कोणी एक शब्द बोललं नाही. वर्ष-सव्वा वर्षाने ताराचं लग्न ठरलं, पुण्याचंच स्थळ, मुलगा बाहेरदेशी.

त्याच सुमाराला माझंही ठरत आलं होतं. मंडळाचे कार्यक्रम कोपर्निकस मार्गावरच्या एका जुन्या अतिथीगृहाच्या हॉलमध्ये व्हायचे आणि काकू मला मदतीला न्यायच्या. तिथल्या कॅन्टीनमध्ये दिगंबर होता. यवतमाळकडचा. वडे तळायचा. पहिल्यांदा मी कपबशा उचलताना पुटपुटले, "माय व, किती तापल्या ह्या," तेव्हा तो झारा हातात धरून वळला. "कोनत्या गावची व तू?" एवढ्या मोठ्या दिल्लीत मला माझ्या बोलण्यात प्रश्न विचारणारा, काका सोडले तर, तो पहिला माणूस. आणि काका तर खिडकीकडे तोंड करून बोलायचे. दिगंबर तोंडावर बोलला.

त्याची आई त्याच्याजवळच राहायची, कॅन्टीनच्या मागच्या खोलीत. बाई उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. एक दिवस तिने मला समोर बसवलं.

"पोट्टा म्हनते, तुह्या तोंडचं आयकलं का घरी गेल्यावानी वाटते. बोल बरं काई तरी."

"काय बोलू जी, मावशी?"

"झालं. एवढं बस." ती हसली. "इथल्या पोरी पाह्यल्या म्या. मराठी म्हनतेत, अन् तोंड उघडलं का हिंदी. भाकर टाकता येते?"

"पीठ भेटलं तं टाकतो."

"पीठ मी आनतो गावाहून. तू फकस्त टाकजो."

एवढंच. मला त्या माणसाबद्दल काय वाटत होतं हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि या वयात कागदावर मांडण्यात अर्थ नाही. मला काय हवं होतं ते मात्र सरळ सांगते. मला ती मागची खोली हवी होती. स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचा माठ, आणि जेवायला सगळ्यांच्या बरोबर बसायला मिळेल असं घर. काकूंनीही हो म्हटलं होतं. आधी ताराचं होऊ दे, मग तुझं करू, म्हणाल्या.

ताराच्या लग्नाआधी मंडळाने काकूंच्या कादंबरीचं वाचन ठेवलं. कादंबरी अजून छापायची होती. काकू कागदांची चळत घेऊन मंचावर बसल्या, समोर खुर्च्यांवर साहेबलोक आणि त्यांच्या बायका, मागे भिंतीला टेकून कॅन्टीनची माणसं. दिगंबर होता, त्याची आई होती. मी पोपटी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन उभी होते. काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "यातला भागीचा भाग वाचते." काकू वाचायच्या फार छान. नकला तर अशा करायच्या की माणूस समोर उभा राहावा. भागी बोलायला लागली आणि मी दचकले, कारण ती मी होते. माझा आवाज, माझं थांबणं, वाक्याच्या शेवटी मी जो हेल काढायचे तो. "मले भेव लागते, बाई," असं त्या म्हणाल्या आणि हॉल खदखदून हसला. काकू हसू ओसरेपर्यंत थांबल्या आणि पुढे गेल्या.

पुढे भागीचं एका ड्रायव्हरशी जमतं. तिला दिवस जातात. मालकीण तिला डॉक्टरकडे नेते, आणि परत आणून निजवते. काकूंच्या तोंडून भागी म्हणाली, "बाई, थो पंखा बंद करा ना. मले त्याचा आवाज सोसत नाई."

लोक हसले. एक बाई तर पदराने डोळे टिपायला लागल्या. "माह्या मायले नोका सांगू. थे काई बोलनार नाई, नुसती पाहीन माह्याकडे. थेच मले सोसनार नाई." त्यावरही कोणीतरी हसलं, पण जरा कमी. मी ट्रे घट्ट धरला होता. मला वाटत होतं की आता कोणीतरी उठून म्हणेल, हे तर ताराचं. पण कोण म्हणणार? ते ताराचं आहे हे त्या हॉलमध्ये फक्त काकूंना, काकांना आणि मला माहीत होतं. आणि भागी कशी बोलते ते सगळ्यांनी ऐकलं होतं. चहाच्या वेळी एक बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अय्या, हीच का तुमची भागी?" काकू हसल्या. "भाषा हिची हं फक्त. बाकी सगळं माझं."

बाकी सगळं माझं. त्या खरं तेच बोलल्या होत्या, बाकी सगळं त्यांच्याच घरचं होतं, पण ते कोणाला ऐकू जाणार होतं?

कपबशा मागे नेल्या तेव्हा दिगंबरची आई दारातच उभी होती. दिगंबर आत कढईपाशी, पाठ करून.

"मावशी," मी म्हटलं, "थे माह्यं नाई. थे काकूनं लिवेल हाय."

"बोलनं तुह्यं हाय का नाई?"

"बोलनं माह्यं हाय."

"मंग? बोलनं तुह्यं अन् करनं दुसऱ्याचं, असं कसं होईन व?" ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते. "आमी बी तिकडचेच हाओत, बाई. बाकीचे लोक हासले. आमाले हासू नाई आलं. मनातलं असल्याबिगर मानूस असं बोलत नाई. नुसती पाहीन माह्याकडे, असं कोनी घरी बसून बनवते काय?"

ती बरोबर होती. ते कोणी बनवलेलं नव्हतं. त्या सगळ्या शिकलेल्या लोकांत ते खरं आहे हे तिला एकटीलाच कळलं, आणि त्यामुळेच माझं संपलं. मी तिला तिथे ताराचं नाव सांगू शकले असते. सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. सांगितलं असतं तरी तिने विश्वास ठेवला नसता. तारासारखी मुलगी भागीसारखी बोलत नाही.

घरी आल्यावर मी काकूंना सांगितलं. त्या आधी खरंच चकित झाल्या. "अगं, कादंबरी आहे ती! कादंबरीतलं कोणी खरं मानतं का?" मग त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तुम्ही येऊन त्यांना सांगा. काकूंनी काकांना पाठवलं. वाटलं असेल की साहेबाच्या शब्दाला वजन असतं. तर काका सरकारी गाडी घेऊन कॅन्टीनच्या मागच्या दाराशी गेले आणि एका वडे तळणाऱ्याच्या आईला, पुण्याच्या मराठीत, आमच्या घरची मुलगी किती स्वच्छ आहे ते सांगून आले. घरकाम करणाऱ्या पोरीसाठी एवढा मोठा साहेब गाडीतून उतरून आपल्या दाराशी येतो म्हटल्यावर त्या बाईने काय समजायचं ते समजलं. पंधरवड्यात दिगंबरचं दुसरीकडे ठरलं. काकांनी त्यानंतर मला कधी पाणी आलं का ते विचारलं नाही. काकू घरी नसल्या तरीही नाही.

आता या वयात मला वाटतं की काका जर त्या दाराशी आपल्या बोलण्यात बोलले असते, फोनवर मायशी बोलायचे तसे, तर तिने कदाचित ऐकलं असतं. पण साहेब म्हणून गेलेला माणूस तसा कसा बोलेल?

एक गोष्ट माझ्या हातात राहिली होती. कादंबरी अजून छापली नव्हती. पुस्तक निघालं की ते मंडळाच्या प्रत्येक घरात जाणार, आणि पुढे कुठलंही स्थळ आलं तरी भागी माझ्या आधी तिथे पोचलेली असणार. रविवारची दुपार होती, वैशाखाचं ऊन, बाहेर लूच्या झळा सुटलेल्या. काकू टेबलावर कागद तपासत होत्या. तारा आतल्या खोलीत सुटकेस भरत होती. मी ओले हात पुसत काकूंसमोर उभी राहिले.

"काकू, भागीचं बोलनं बदला."

"म्हणजे?"

"तिले तुमच्यावानी बोलू द्या. बाकी सारं राहू द्या. नुसतं बोलनं बदला."

काकूंनी चष्मा काढला. "फुला, तशी बोलली तर ती मोलकरीण कशी वाटेल?"

"नाई वाटली तं नाई वाटली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या घरात काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं, कारण मागितलं नव्हतंच. मग म्हणाल्या, "बरं. बघू या वाचून." आणि त्यांनी ती पानं काढली. मी खाली फरशीवर बसले. वर पंखा कट् कट् करत होता. काकू कागदाकडे पाहून, मनात बदलत बदलत, आपल्या नेहमीच्या आवाजात वाचू लागल्या.

"बाई, तो पंखा बंद करा ना. मला त्याचा आवाज सहन होत नाही. माझ्या आईला सांगू नका. ती काही बोलणार नाही. नुसती बघेल माझ्याकडे..."

आणि काकू थांबल्या. हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मोलकरीण नव्हती, ड्रायव्हर नव्हता. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून निजलेली तारा होती. आत सुटकेसचं झाकण लावल्याचा आवाज आला, आणि तारा दारात येऊन उभी राहिली. तिला त्या पानांतलं काही माहीत नव्हतं. वाचनाच्या दिवशी ती ब्लाउज शिवायला टाकायला गेली होती.

"ताई, हे कोणाचं आहे?"

"भागीचं," काकू म्हणाल्या. "कादंबरीतलं. अगं, मोलकरीण आहे एक."

ताराने काकूंच्या हातून कागद घेतला. त्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं, म्हणजे माझ्या बोलण्यातलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती कागद फाडेल. तिने तो नीट, कडेला कड जुळवून टेबलावर ठेवला.

"मग भागीच्याच भाषेत राहू दे," तारा म्हणाली. "तेच बरं आहे."

तिने भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला आणि आत गेली. काकू आणि मी तशाच त्या उकाड्यात घामाने भिजत बसून राहिलो. पंखा पुन्हा लावायला आमच्यापैकी कोणीही उठलं नाही. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापून घेईन, फुला. सर्व पात्रं काल्पनिक आहेत म्हणून." आणि त्यांनी ते छापून घेतलं. दिगंबरच्या आईला वाचता येत नव्हतं.

तारा लग्न होऊन गेली. काकूंच्या कादंबरीचं कौतुक झालं. भागीचं तर विशेष. अस्सल भाषा, जिवंत पात्र, असं लोक घरी येऊन म्हणायचे, आणि मी त्यांना पोहे द्यायचे. पुढे माझं लग्न एका बिजवराशी झालं. तो विमानतळावर सफाईच्या कामाला होता. द्वारकेच्या बाजूला सेक्टर नुसते आखलेले होते तेव्हापासून आम्ही तिकडे राहिलो. माणूस ठीक होता. पण ते नंतरचं. त्याआधी मी एक काम केलं. मी बोलणं बदललं. काकूंचं ऐकून ऐकून मला ते येतच होतं, फक्त तोंडात आणायचं होतं. मले, तुले, काहून, हाव, एकेक काढून टाकलं. काकूंना वाटलं मी सुधारले. त्या म्हणाल्याही, "किती छान बोलतेस आता!" मग मला हाका मारून विचारणं बंद झालं. विचारण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. माझ्या मुलीने मला दुसरं काही बोलताना ऐकलेलं नाही. हेही मी लिहिते आहे ते काकूंच्याच भाषेत. आई मला रागवायची तेव्हा काय म्हणायची, ते आता मलाच आठवून आठवून काढावं लागतं.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. गेल्या हिवाळ्यात माझी नात रविवारच्या मराठी वर्गातून आली. द्वारकेतच भरतो, सोसायटीच्या हॉलमध्ये. हातात धड्याची झेरॉक्स. "आजी, ये कौनसी मराठी है? मला काहीच कळत नाहीये." मी चष्मा लावला. वर काकूंचं नाव होतं. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. ड्रायव्हरचं आणि डॉक्टरचं सगळं कापलं होतं, मुलांचं पुस्तक म्हणून. उरली होती ती दिवाणावर निजलेली भागी, आजारी म्हणून, आणि तिचं बोलणं. खाली प्रश्न: भागीच्या भाषेवरून तिच्या स्वभावाचे वर्णन करा.

"तू वाच ना, आजी. तुला येतं का?"

मी वाचलं. इतक्या वर्षांनी ते तोंडात कसं येईल असं वाटलं होतं, पण आलं. हेल सुद्धा आला. "थो पंखा बंद करा ना. मले त्याचा आवाज सोसत नाई." नात हसायला लागली. एवढी हसली की दिवाणावर लोळली. "आजी, फिर से! प्लीज, एकदा परत!" मी परत वाचलं नाही. ती हसतच उठली, पेन घेतलं आणि जीभ ओठाबाहेर काढून, मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलं.

भागी विनोदी स्वभावाची आहे.

पुढच्या रविवारी बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.